तडा गेलेल्या रॅकेटच्या कानगोष्टी

मित्रांनो, कपाळाला तडा गेलेली मी एक जुनी टेनिस रॅकेट आहे. पण माझी कीव करू नका. मी जेवढी गुपितं ऐकली, तेवढी स्टेडियममधल्या कुणीच ऐकली नसतील.

कारखान्यातून मी थेट ताईच्या हाती आले. एकेरीत ताई पहिल्याच फेरीत गाशा गुंडाळायची. जाळ्याजवळ मात्र तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मग तिने दुहेरीलाच वाहून घेतलं आणि तिला लंबू भेटली. लंबू मागून सर्व्हिस करायची. ताई जाळ्याशी उभी राहून पाठीमागे हाताने खूण करायची. मूठ म्हणजे मी जागेवरच. उघडा पंजा म्हणजे मी पलीकडे धावणार, माझी जागा तू सांभाळ. प्रत्येक गुणाआधी दोघी मला तोंडासमोर धरून कुजबुजायच्या. समोरच्यांना वाटायचं, मोठे डावपेच शिजताहेत. कित्येकदा लंबू एवढंच म्हणायची, भूक लागलीय गं.

अशी आठ वर्षं मजेत गेली. मग एका अंतिम सामन्यात, शेवटच्या गुणाला, ताईने मूठ दाखवली आणि सोप्या चेंडूच्या मोहाने पलीकडे धाव घेतली. चेंडू तिच्याच रिकाम्या जागेत पडला. चषक हातचा गेला. ताईने मला जमिनीवर आपटलं आणि तू का धावली नाहीस, असं सगळ्यांदेखत लंबूलाच विचारलं. लंबू बॅग उचलून निघून गेली.

मी कपाटाच्या तळाशी पडले. तडा दुखायचा, पण ती शांतता जास्त खायला उठायची. ताईने तीन नवे जोडीदार करून पाहिले. कुणाशीच सूर जुळेना.

एका सकाळी तिने मला बाहेर काढलं. सरावाच्या कोर्टवर लंबू एकटीच सर्व्हिस करत होती. ताईने जवळ जाऊन मला पूर्वीसारखं दोघींच्या तोंडासमोर धरलं. 

"मूठ दाखवून मी धावले. चूक माझी होती."

लंबूने हातातला चेंडू खिशात टाकला.

"मला तेव्हाच माहीत होतं. तू कधी सांगतेस, तेवढं बघत होते," ती म्हणाली. मग जरा थांबून, "भूक लागलीय गं."

आता सामने नव्या रॅकेटी खेळतात. मी ताईच्या बॅगेत असते आणि सामन्याआधी दोघी अजून मलाच तोंडासमोर धरतात. मित्रांनो, राग आला तर आम्हाला आपटू नका. आम्ही फुटतो, चूक मात्र तशीच राहते. ती आपल्या माणसाला सांगून टाका. आडोसा हवा असेल, तर मी आहेच.