शीळ पुढे, माणूस मागे

राष्ट्राध्यक्षांचा तो बंगला मुळात गव्हर्नरसाहेबासाठी बांधलेला. साहेबाला तळणीचा वास सोसेना, म्हणून स्वयंपाकघर आवाराच्या पार टोकाला आणि मधे लांबलचक बोळ. वाढप्यांनी वाटेत तोंड मारू नये म्हणून नियम असा, की भांडं उचललं की मेजापर्यंत शीळ घालत जायचं. शीळ थांबली की समजावं, तोंडात घास आहे. साहेब गेला, झेंडा बदलला, नियम मात्र हलला नाही, कारण बटलर जागचा हलला नव्हता.

धोबीणबाईंच्या वाढपी नवऱ्याचे पुढचे दोन दात नेमके नवे राष्ट्राध्यक्ष राहायला आले त्याच आठवड्यात पडले. शीळ घालायला जावं तर नुसता फुस्स वारा.

"शीळ नाही तर वाढप नाही," बटलरने बजावलं. "आणि वाढप नाही तर आवारातली खोलीही नाही."

"अहो, तोंड पाडून काय बसलात?" धोबीणबाई म्हणाल्या. "माझी इस्त्रीची लांब खोली बोळाला लागूनच आहे. तुम्ही चाला, शीळ मी घालते."

"बाईमाणसाने?"

"माहेरी गुरं मीच वळायचे. गुरांनी कधी विचारलं नाही."

दुपारी तो भांडं घेऊन निघाला. आत धोबीणबाई शीळ घालत एकेका खिडकीमागून त्याच्या बरोबरीने चालू लागल्या. अर्ध्या वाटेवर राष्ट्राध्यक्षांच्या आईच समोर उभ्या. जेवण गार का येतं ते बघायला निघाल्या होत्या. वाढपी जागीच थिजला. शीळ मात्र झोकात पुढे गेली.

"माणूस इथे, शीळ तिथे. काय प्रकार आहे हा?"

धोबीणबाईंनी खिडकीतून डोकं काढलं आणि सगळं खरं सांगून टाकलं. मागून धावत आलेल्या बटलरने नियम सांगितला.

"म्हणजे इतकी वर्षं माणसं नुसता वास घेत चालली?" आईंनी झाकण उचललं आणि एक भाजलेला बटाटा वाढप्याच्या तोंडात घातला. "चावतो का?"

"दाढा शाबूत आहेत, आईसाहेब," तो भरल्या तोंडाने म्हणाला.

"मग खोलीही शाबूत. आणि तू गं, शीळ सोडू नकोस. जेवण निघालं हे कळतं."

दुसऱ्या दिवशी बटलर स्वतःच भांडं घेऊन, शीळ घालत निघाला. बोळात शिरला आणि शीळ एकदम थांबली. धोबीणबाईंनी हळूच डोकावून पाहिलं, पदराआड हसल्या आणि त्याच्याही वाटची शीळ घातली.