शोधलं की पहिली तीच

जाहिराती बनवणाऱ्या त्या ऑफिसात तिला सगळे कपाटताई म्हणत. वर्षानुवर्षांचं चित्रण कपाटातल्या हार्ड डिस्कांवर पडलेलं, आणि कुठल्या डिस्कवर काय आहे ते फक्त तिच्या डोक्यात. "कपाटताई, पळणारा कुत्रा हवाय!" असं कुणी ओरडलं की ती हातातला चहा खाली न ठेवता डिस्क काढून द्यायची. मग साहेबांनी नवं सॉफ्टवेअर घेतलं. सगळं चित्रण एका जागी, प्रत्येक क्लिपला टॅग, शब्द टाकला की क्लिप हजर. "शोधाशोधीतच अर्धं आयुष्य चाललंय आपलं," साहेब म्हणाले. "काम कसं झटपट झालं पाहिजे." ते बसवायचं लचांड अर्थातच तिच्या गळ्यात पडलं.

तिनं ते मन लावून केलं, हीच चूक. दुसरं कुणी 'बाई, घर, दिवस' असं खरडून मोकळं झालं असतं. ही मात्र प्रत्येक क्लिप पुन्हा बघायची आणि शोधणाऱ्याला नेमकं काय लागेल याचा विचार करून शब्द द्यायची. साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं तेव्हा तिला बरंही वाटलं होतं.

असंच करता करता एक दिवस पडद्यावर आई आली. कधीकाळी कुठल्याशा औषधाच्या जाहिरातीसाठी ठरवलेली म्हातारी ऐन वेळी आलीच नव्हती, तेव्हा कपाटताईनं घरी धाव घेऊन आईला उचलून आणलं होतं. आईला खिडकीत बसवलं. दिग्दर्शक म्हणाला, "आजी, काहीतरी वाईट आठवा." आईनं जरा वेळ बाहेर बघितलं आणि घळाघळा रडायला लागली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढे ती जाहिरात बारगळली आणि क्लिप तशीच पडून राहिली. आता कपाटताईनं तिला टॅग दिले: म्हातारी, एकटी, खिडकी, वाट बघणारी, खरे अश्रू. वापराच्या हक्कांपुढे लिहिलं, मोकळे. स्वतःच्या आईसाठी कुणाची परवानगी काढायची?

सॉफ्टवेअरची एक खोड होती. जी क्लिप जास्त वापरली जाई ती शोधात वर येई, आणि वर आली म्हणून आणखी वापरली जाई. आधी आई डोळ्यांच्या थेंबांच्या जाहिरातीत दिसली. तिनं हौसेनं फोन केला, "अगं, केस तरी विंचरायला सांगायचं होतंस मला!" मग ती पेन्शनच्या योजनेत दिसली. आणि मग वृद्धाश्रमाच्या जाहिरातीत. आईच्या रडक्या चेहऱ्याखाली लिहिलं होतं, 'मुलांना वेळ नाही? आम्हाला आहे.'

आई दादाकडे राहायची. दादाकडे म्हणजे वहिनीच्या घरात, दादा तिथं बिनभाड्याचा भाडेकरू. वहिनीचा फोन आला.

"मी सासूबाईंना दोन्ही वेळा गरम करून वाढते, औषधं देते, आणि बिल्डिंगमध्ये बोभाटा काय, तर आम्ही म्हातारीला टाकलंय! लिफ्टमध्ये मी शिरले की बायका गप्प होतात. पुन्हा एकदा त्यांचं तोंड असं कुठं दिसलं ना, तर घेऊन जा तुमची आई तुमच्याकडे."

वहिनी वाईट नव्हती, हे सांगायलाच हवं. करायचं सगळं तिनं, आणि वर बदनामीही तिचीच, हे कुणाला सोसेल?

कपाटताई साहेबांकडे गेली. "ती खिडकीतली क्लिप काढून टाकते, साहेब. माझी आई आहे ती."

"काय सांगता! मग तर घरचीच." साहेब हसले. मग त्यांनी स्क्रीन तिच्याकडे वळवली. "हे बघा. हक्क मोकळे, तुम्हीच लिहिलंय. तीन ठिकाणी वापरून झालीय. आता पुसायची कशी?"

पुसता येत नव्हतं, पण टॅग तिच्या हातात होते. कपाटं केव्हाच भंगारात गेली होती. आता ज्याला शब्द नाही ते असून नसल्यासारखं. दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा तिनं एकेक शब्द पुसला. म्हातारी गेली, एकटी गेली, अश्रू गेले. पण सॉफ्टवेअर सेव्ह करू देईना. निदान एक तरी टॅग हवाच.

'भिंत' असं लिहिलं असतं तर ती क्लिप कुणाच्या बापाला सापडली नसती. पण इतके दिवस आईला म्हातारी आणि एकटी म्हणून झालं होतं, एकदा तरी खरं काय ते लिहावं, असं तिला वाटलं. तिनं लिहिलं, आई. तिला जरा हलकंही वाटलं.

मग घरपोच सेविका पुरवणाऱ्या एका कंपनीचं काम आलं. ऑफिसातल्या पोरांनी सर्चमध्ये 'आई' टाकलं, दुसरं काय टाकणार? बाकीच्या सगळ्या आया कपाटताईनंच 'मध्यमवयीन बाई, स्वयंपाकघर' अशा नेटक्या टॅगांखाली लावून ठेवल्या होत्या. नुसती आई अशी एकच होती. कपाटताईला कळलं तेव्हा वहिनीच्या बाल्कनीसमोरच्या चौकात फलक लागलासुद्धा होता. 'आईला कोण बघतं?'

त्या रविवारी दारात आई उभी होती, हातात पिशवी. दादा खाली गाडीतच बसून राहिला. वर यायचं तोंड नव्हतं त्याला.

एका खोलीचं घर. एक खाट, एक खुर्ची, ती खिडकीशी. आई जाऊन तिथंच बसली. लेकीला बघवेना.

"आई, त्या दिवशी तू काय आठवलं होतंस गं?"

"आठवलं कुठं? वाईट असं काही आठवेचना. बरं चाललं होतं की तेव्हा. मग म्हटलं, उद्या ह्या पोरांना मी जड झाले तर? एवढं नुसतं मनात आलं आणि आलं बाई रडू." आईनं कोरडे डोळे चोळले. "आज मेलं येतच नाही बघ."

मग तिनं खोलीभर नजर फिरवली आणि मांडीवरची पिशवी उचलली.

"ही कुठं ठेवू गं?"

ऑफिसातली हरेक वस्तू कुठं आहे ते सांगणारी कपाटताई पिशवी हातात घेऊन जागा शोधत राहिली.