केसाएवढी चीर

साडू हे नातं मोठं चमत्कारिक. रक्ताचं नाही, आपण निवडलेलं नाही, आणि तुलना मात्र जन्मभराची. उस्तादांना हे लग्न झाल्यापासून ठाऊक होतं. पण खरं पोटात दुखायला लागलं ते वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, धाकट्या साडूंनी जुनी मोटरसायकल घेतली तेव्हा.

तोवर सगळी वाटणी ठरलेली होती. धाकटे साडू विमा कंपनीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. सगळं सासर त्यांना साहेब म्हणे. साहेबांकडे मोटार, दुमजली घर आणि सासूबाईंचं कौतुक. उस्तादांकडे घरामागची पत्र्याची शेड. पण त्या शेडमध्ये उस्तादांचा शब्द शेवटचा. तीस वर्षं कारखान्यात लेथ चालवून त्यांनी हात कमावला होता आणि नोकरी संपल्यावर जुन्या ब्रिटिश मोटरसायकली पुन्हा उभ्या करायचं काम धरलं होतं. साठ-सत्तर वर्षांमागच्या गाड्या त्या. त्यांच्या नटांना आताचे पाने बसत नाहीत, निराळा संच लागतो. दिव्याची एक काच मिळवायची तर सहा महिने भंगारबाजार पालथे घाला, दहा जणांना फोन करा, परदेशातल्या कुणा म्हाताऱ्याला पत्रं लिहा. लांबलांबून लोक उस्तादांचा पत्ता विचारत येत. साहेब मात्र कधी त्या शेडकडे फिरकले नव्हते.

उस्तादांची स्वतःची गाडी एकच. दोन सिलिंडरची ट्रायम्फ. सोळा वर्षांपूर्वी एका बंद छापखान्याच्या मागे, गवतात, तिचा नुसता सांगाडा मिळाला होता. या गाड्यांच्या सांगाड्यावर आणि इंजिनावर एकच नंबर ठोकलेला असतो. उस्तादांनी दुसरं इंजिन बसवून गाडी रस्त्यावर आणली खरी, पण दरवर्षी जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात परीक्षक वाकून दोन्ही नंबर बघत आणि मान हलवत.

"गाडी देखणी आहे उस्ताद. पण धड एकीचं, काळीज दुसरीचं."

सोळा वर्षं ते त्या नंबराचं इंजिन शोधत होते. बायकोचा वाढदिवस विसरत, नंबर कधी नाही.

आणि एके सकाळी साहेब मोटार घेऊन दारात हजर. कुठूनशी बिनइंजिनाची एक ट्रायम्फ त्यांनी विकत घेतली होती.

"उस्ताद, आता तुमचा चेला होणार. घरी बसून वेड लागायची पाळी आलीय."

"इंजिन शोधायला आयुष्य जाईल, साहेब," उस्ताद म्हणाले. ते म्हणताना त्यांना जरा बरंही वाटलं.

आयुष्य कुठलं! तिसऱ्या आठवड्यात साहेब मोटारीच्या डिकीत, जुन्या चादरीत गुंडाळून, इंजिन घेऊन आले. गावाबाहेरच्या लाकडाच्या वखारीत ते कधीकाळी करवत फिरवायला बसवलं होतं आणि नंतर अडगळीत पडलं होतं.

"वखारवाल्याबरोबर दोन तास गप्पा मारल्या. त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन, मुलाचं शिक्षण, सगळं ऐकलं. शेवटी तोच म्हणाला, मागे एक जुनं धूड आहे, बघता का?"

त्या वखारीच्या फाटकापर्यंत नऊ वर्षांपूर्वी उस्ताद स्वतः गेले होते. स्कूटरवरून उतरलेसुद्धा नव्हते. राखणदाराला विचारलं, तो नाही म्हणाला, आणि ते परत फिरले होते.

"ठेवून जा," ते म्हणाले. "उघडून बघतो."

साहेब गेल्यावर त्यांनी इंजिनाच्या डाव्या अंगावरची चिकट काजळी रॉकेलच्या फडक्याने पुसली. पहिला आकडा दिसला. दुसरा. मग पाचवा. त्यांनी दोनदा पुसलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितलं. तोच नंबर. सोळा वर्षं जो शोधला तो, तीन आठवड्यांच्या हौशी माणसाच्या चादरीत.

आनंद व्हायला हवा होता. झाला तो नुसता जळफळाट. हुद्दा यांना, घर यांना, सासूबाईंच्या शेजारची खुर्ची यांना. आणि आता हेही यांनाच? बसल्या जागी, चहा पिता पिता?

दोन दिवसांत त्यांनी इंजिन पूर्ण खोललं. आत सगळं ठीकठाक होतं. तिसऱ्या दिवशी साहेब आले तेव्हा उस्ताद खाली बघतच म्हणाले, "वाईट बातमी आहे. केसिंगला चीर गेलीय. केसाएवढी, पण आरपार. वापरता यायचं नाही."

केसिंग म्हणजे इंजिनाचं ॲल्युमिनियमचं बाहेरचं कवच. नंबर त्याच्यावरच असतो.

साहेबांचा चेहरा लहान मुलासारखा पडला. "कुठे?"

"इथे. तुम्हाला नाही दिसायची. नजर तयार व्हावी लागते." उस्तादांनी बोट फिरवलं. "तुम्ही मन लहान करू नका. माझ्याकडे एक इंजिन आहे चांगलं. ते देतो तुम्हाला. हे राहू दे इथे, भंगारात टाकीन."

"तुम्ही तुमचं इंजिन मला देणार?" साहेबांनी उस्तादांचा तेलकट हात हातात घेतला. "केवढं मन आहे तुमचं!"

उस्तादांना त्या रात्री जेवण गेलं नाही.

पण साहेबांचा जीव त्या धुडात अडकला होता. आयुष्यभर त्यांनी इतरांच्या कागदांवर सह्या केल्या होत्या. स्वतः शोधून काढलेली ही पहिली वस्तू. चार दिवसांनी उस्ताद बाजारात गेलेले बघून ते घरी आले आणि मोठ्या मेहुणीकडून, म्हणजे उस्तादांच्या बायकोकडून, केसिंग मागून घेऊन गेले. ॲल्युमिनियम सांधणारा एक नामांकित वेल्डर त्यांनी शोधला होता. उस्तादांना चकित करायचं होतं. त्यांचं इंजिन त्यांच्याकडेच राहू द्यायचं होतं.

दुसऱ्या दिवशी ते शेडच्या दारात उभे राहिले. हातात केसिंग, चेहरा काळजीने भरलेला.

"उस्ताद, राग मानू नका. चीर नाहीच. वेल्डरने आत रॉकेल भरलं, बाहेरून खडूची पूड फासली आणि तासभर ठेवलं. चीर असती तर खडू ओला झाला असता म्हणाला. खडू कोरडा ठणठणीत."

आता हा माणूस आपल्याला खोटारडा म्हणणार, उस्तादांना वाटलं.

"मला तुमची काळजी वाटते," साहेब म्हणाले. "तुमच्यासारख्या माणसाला नसलेली चीर दिसते म्हणजे डोळ्यांचं काहीतरी आहे. मी उद्याची वेळ घेतलीय. माझ्या ओळखीच्या डॉक्टर आहेत."

"मलाही वाटतच होतं," बायको दारातून म्हणाली. "अहो, परवा चहात मीठ घातलंत की!"

ते तर बिचाऱ्याने केसिंगच्याच विचारात घातलं होतं. पण हे सांगणार कुणाला?

डोळ्यांच्या दवाखान्यात साहेबांनी स्वतः नाव नोंदवलं, स्वतः पाण्याचा ग्लास आणून दिला. डॉक्टरबाईंनी डोळ्यांत औषध घातलं, दिवे मारले, बारीक अक्षरं वाचून घेतली आणि खुर्ची मागे सरकवली.

"या वयात अशी नजर मी फार कमी बघते. डोळ्यांना काहीही झालेलं नाही."

"पण यांना नसलेली चीर दिसली," साहेब म्हणाले.

"ती डोळ्यांनी दाखवलेली नाही."

बाहेर येऊन दोघे बाकावर बसले. औषधामुळे उस्तादांना सगळं पांढरं, फिसकटलेलं दिसत होतं. साहेब शेजारी होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते कळायला मार्ग नव्हता. कदाचित म्हणूनच बोलता आलं.

"चीर नव्हती, साहेब. मला ठाऊक होतं. त्या इंजिनावर माझ्या सांगाड्याचा नंबर आहे. मला ते हवं होतं."

कुणीतरी पेशंटचं नाव पुकारलं, कुणीतरी उठून गेलं.

"मागितलं असतंत," साहेब शेवटी म्हणाले, "तर मी स्वतः डिकीत घालून आणून दिलं असतं."

"म्हणूनच नाही मागितलं. जन्मभर तुम्ही द्यायचं आणि आम्ही घ्यायचं?"

"आणि मी तुमचे डोळे तपासत बसलो." साहेब उठले. "आता मात्र देणार नाही, उस्ताद. मागितलंत तरी नाही."

तरीही त्यांनीच उस्तादांना घरी सोडलं. पायऱ्यांपाशी कोपराला धरून चढवलं, कारण उस्तादांना पायरी दिसत नव्हती. तो हात उस्तादांना शिवीपेक्षा जास्त लागला.

बायकोला सगळं सांगावंच लागलं. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, "माझ्या बहिणीला मी आता काय तोंड दाखवू?" आणि पोळी ताटात जरा जोरात टाकली.

साहेबांनी सगळे सुटे भाग उचलून नेले. पुस्तक समोर ठेवून स्वतःच इंजिन जोडतायत, असं कानावर येई. उस्ताद आपल्या गाडीवर बसत आणि खाली बघितलं की ते परकं इंजिन दिसे. पूर्वी नुसतं खटकायचं. आता अंगाची लाही व्हायची. ते इंजिन कुठल्या घरात, कुठल्या टेबलावर आहे हे माहीत झालं होतं ना!

चार महिन्यांनी साहेबांची मोटार पुन्हा दारात थांबली, डिकीत तेच इंजिन. साहेबांच्या गालावर ग्रीसचा डाग, दोन बोटांना पट्ट्या.

"जोडलं, पण आतून खडखडतं. दोघा मेकॅनिकांना दाखवलं, त्यांनी आणखी बिघडवलं. काम कराल का? फक्त काम. गप्पा नाहीत."

"ठेवा," उस्ताद म्हणाले.

तीन आठवडे ते इंजिन त्यांच्या हाताखाली होतं. मनात नको ते विचार आले नाहीत असं नाही. एखादा नट जरा सैल सोडला तर कुणाला कळणार होतं? पण हात ऐकेनात. साहेबांनी उलटी बसवलेली पिस्टनची रिंग त्यांनी बदलली, झडपा ज्यांत सरकतात त्या झिजलेल्या नळ्या लेथवर नव्या कातल्या, एकेक जागा दोनदा मोजली. स्वतःच्या गाडीवरसुद्धा त्यांनी इतकं मन लावून काम केलं नव्हतं. करताना दात मात्र आवळलेले असत.

इंजिन तयार झाल्यावर साहेबांनी आपली गाडी टेम्पोत घालून आणली, उस्तादांनी ते तिच्यात बसवलं आणि साहेबांनी किक मारली. दुसऱ्या किकला इंजिन बोललं. खोल, सावकाश, एकही ठोका न चुकवता. दोघे माना तिरप्या करून ऐकत राहिले. मग साहेबांनी गाडी बंद केली.

"एक विचारू? तुमचा सांगाडा मला विकत द्या."

"काय?"

"इंजिन माझं आहे. सांगाडा मिळाला तर नंबर जुळतील. तुम्ही म्हणाल ती किंमत."

"नाही," उस्ताद ताडकन म्हणाले. "कुठल्याही किमतीला नाही."

साहेब हसले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. "मला वाटलंच. खरं सांगू? प्रदर्शनात लोक तुमच्या गाडीभोवती गोळा होतात, तुम्ही नुसता कान लावून रोग ओळखता, हे बघून माझं काय होतं ते मलाच माहीत. घरी मी बायकोशी भांडतो. या वयात! हाताला असं काही येत असतं, तर मी तो हुद्दाबिद्दा कुणालाही देऊन टाकला असता."

उस्ताद बघत राहिले. हा माणूस आपल्यावर जळतो? साहेब? आपल्यावर?

"पुढच्या रविवारी पुन्हा विचारायला येतो," साहेब गाडीवर बसत म्हणाले.

"या. पण नाहीच म्हणणार."

गाडी कोपऱ्यावरून वळून आवाज विरेपर्यंत उस्ताद दारात उभे होते. इंजिन गेलं याचं दुःख होतंच. ते काही कमी झालं नव्हतं. पण हात धुऊन ते ताटावर बसले आणि बायकोने न विचारता तिसरी पोळी वाढली, तीही त्यांनी आवडीने खाल्ली.