नाळेची टेकडी

“कुऱ्हाडी खालीच ठेवा,” गन्नान म्हणाली. “वर जायचं तर रिकाम्या हातांनी.”

सहा गडी पायथ्याशी थबकले. त्यांतल्या दोघांनी तर खांद्यावरच्या कुऱ्हाडी खाली उतरवल्यासुद्धा. या टेकडीवर कुऱ्हाड नेली की फटके बसतात, हे आसपासच्या पाच गावांत प्रत्येकाला लहानपणापासून ठाऊक होतं.

बैलगाडीतून उतरणारा कारकून पेक हसला. “म्हातारे, मग रिकाम्या हातांनी दगड पाडायचे कसे, तेही तूच सांग.”

“कुठले दगड?”

“कठडा, दगडी कासवावरचा शिलालेख, सगळं. खाली पुरलेलं आहे तेही काढायचंय. हुकूम आहे.” त्याने कागद उलगडून तिच्यासमोर धरला आणि तिला वाचता येत नाही हे आठवून पुन्हा गुंडाळला. “अगं, राजाच राजा राहिला नाही. आता कुणाची नाळ राखत बसलीस?”

राजा राहिला नाही, हे गन्नानला ठाऊक होतं. दोन महिन्यांपूर्वी मीठ विकायला आलेल्या माणसाने सांगितलं होतं. मंत्र्यांनी राजवाडा घेतला, पुतण्याला गादीवर बसवलं आणि जुन्या राजाला होडीत घालून कुठल्याशा बेटावर पाठवलं. तिने ते ऐकून घेतलं, मिठाबद्दल त्याला बार्ली मोजून दिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी खराटा घेऊन टेकडी चढली. राजधानीतल्या गोष्टी इथवर येईपर्यंत झिजून जातात, असा तिचा आजवरचा अनुभव होता.

ही गोष्ट मात्र बैलगाडीत बसून आली.

*

राजवाड्यात राजपुत्र जन्मला की त्याची वार आणि नाळ शंभर पाण्यांनी धुऊन पांढऱ्या चिनीमातीच्या बरणीत ठेवायची, ती बरणी आणखी एका मोठ्या बरणीत घालायची आणि पाचव्या महिन्यात वाजतगाजत एखाद्या चांगल्या टेकडीवर नेऊन पुरायची, अशी रीत. सत्तावन्न वर्षांपूर्वी ती मिरवणूक या गावात आली, तेव्हा सगळं गाव रस्त्यावरचा बर्फ काढत होतं. गन्नानची आई तेवढी घरी होती. स्वयंपाकघरात चुलीपाशी ती एकटीच बाळंत झाली. संध्याकाळी बाप घरी आला, त्याने मुलगी पाहिली आणि तो बसल्या जागी झोपला. नाव ठेवायला कुणाला सवड झाली नाही. नुकत्याच जन्मलेल्या मुलाला गन्नान म्हणतात, तेच नाव पुढे चालू राहिलं.

बापाला टेकडीची राखण मिळाली. माथ्यापासून चहूकडे तीनशे पावलं झाड तोडायचं नाही, नांगर घालायचा नाही, बकरी सोडायची नाही, प्रेत पुरायचं नाही. या राखणीच्या बदल्यात वेठबिगारी माफ. बापाला मुलगा नव्हता, म्हणून त्याने चिलबोकला घरजावई करून घेतलं आणि राखण त्याच्याकडे आली. चिलबोक जाऊन आता आठ वर्षं झाली होती. कचेरीच्या यादीतून त्याचं नाव कुणी काढलं नाही आणि गन्नाननेही कुणाला आठवण करून दिली नाही. फेऱ्या तीच मारायची.

“राजाची बहीण निघाली,” शेजारची बुन्ने रोज सकाळी कुंपणावरून म्हणायची. “भावाला म्हणावं, एखादा रेशमी झगा पाठव. तुझ्या या परकराला ठिगळ लावायला आता जागा उरली नाही.”

“भाऊ विचारत होता, बुन्नेची जीभ कशी आहे म्हणून.”

“चांगली आहे म्हणून सांग. रोज धार लावते.”

गन्नानने राजाला कधी पाहिलं नाही. तरी त्याचं आयुष्य तिला टेकडीवरून कळत गेलं. चोविसाव्या वर्षी तो गादीवर बसला, तेव्हा पाथरवट आले. त्यांनी कठडा बांधला, दगडी कासव घडवलं आणि ती तीन महिने त्यांच्यासाठी पाणी वाहत होती. दुष्काळाच्या साली सरकारी कोठारातून बार्ली आली. घरटी दोनच मापं आली, पण आली. पुढे त्याने नवा राजवाडा बांधायला काढला आणि घरटी एक माणूस लाकडं ओढायला नेला, तेव्हा गावाने त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. गन्नाननेही घातल्या. बुन्नेचा नवरा तिथून परत आला तो खुरडत, आणि पुढे खुरडतच राहिला.

आणि तापाच्या साथीचं वर्ष. तेव्हा गन्नान एकतीस वर्षांची होती.

*

तिची मुलगी कोन्निम त्या साथीत गेली. तीन वर्षांची होती. एवढ्या लहान मुलांची कबर बांधत नाहीत. मडक्यात घालून ओढ्यापलीकडच्या घळीत ठेवतात आणि वर दगड रचतात. त्या साली घळीत इतकी मडकी झाली, की कोल्हे दिवसाढवळ्या यायला लागले. चिलबोक मडकं घेऊन घळीपर्यंत गेला आणि तसाच परत आला.

“तिथे नाही ठेववत,” तो म्हणाला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. जिथे कोल्हा फिरकत नाही, कुत्रं जात नाही, कुदळ लागत नाही, अशी एकच जागा होती आणि तिची राखण त्यांच्याकडेच होती. पहाटे धुकं होतं. माथ्याच्या किंचित खाली एक वाकडा पाइन होता, त्याच्या मुळाशी त्यांनी खोल खणलं.

महिन्याभरात बातमी आली, की राजाला गळू झालंय आणि तो अंथरुणाला खिळलाय. पाठोपाठ कचेरीतली माणसं टेकडी तपासायला आली. कुणी खणलं का, झाड पडलं का, पाणी मुरलं का. चिलबोक त्या पाइनखालीच उभा राहून, पायांखालची जागा न सोडता, नाही साहेब, नाही साहेब, म्हणत राहिला. घरी आल्यावर त्याने दार लावून घेतलं.

“काढू या तिला,” तो म्हणाला. “आपल्यामुळेच आजारी पडलाय तो.”

“नाही काढायचं.”

“अगं, राजा मरेल.”

“मरेना का. एक गेला तर दुसरा येतो त्यांच्यात,” गन्नान म्हणाली. “माझी एकच होती.”

राजा बरा झाला. पण हे शब्द आपण बोललो होतो, हे गन्नान विसरली नाही. राजाचा वाढदिवस आठव्या महिन्याच्या एकोणिसाव्या दिवशी. तो टेकडीवरच्या शिळेवर कोरलेला होता आणि बापाने तिला तो पाठ करून दिला होता. त्यानंतर दरवर्षी त्या दिवशी ती, वाढदिवसाला घरोघरी करतात ते, समुद्री शेवाळाचं सार करायची, वर न्यायची आणि दोन वाडग्यांत वाढायची. दुसरा वाडगा कुणाचा, हे बुन्नेने कधी विचारलं नाही. ज्या अर्थी एवढं बोलणारी बुन्ने तेवढंच विचारत नव्हती, त्या अर्थी तिला ठाऊक होतं.

*

दुपारपर्यंत कठडा पडला. कासव पडायला तयार होईना, तेव्हा त्याचं डोकं फोडून भागवलं. मग गड्यांनी खणायला घेतलं. गन्नान पाइनला टेकून बसली होती. गडी माथ्यावर खणत होते, तिथून ती जागा बारा पावलांवर होती. तोवर तिला फारशी भीती वाटत नव्हती. हे लोक येतील, त्यांचं घेऊन जातील आणि टेकडी ओकीबोकी होईल, एवढंच ती धरून चालली होती.

तेवढ्यात युन मालक वर आला. गावची निम्मी जमीन त्याची होती, आणि गन्नान कसायची तो तुकडाही. घोड्याच्या केसांची काळी टोपी सावरत तो चढत होता. मागे जमीन पारखणारा एक बारीक माणूस होकायंत्र घेऊन चालला होता.

“काम आटोपतंय ना?” युनने कारकुनाला विचारलं.

“झालंच, मालक. उद्यापासून टेकडी तुमची.”

जमीन पारखणाऱ्याने चार ठिकाणी होकायंत्र ठेवलं, समोरच्या डोंगराकडे पाहिलं, खाली ओढ्याकडे पाहिलं आणि सरळ गन्नानपाशी येऊन उभा राहिला. “ही,” तो म्हणाला. “माथा जरा वाऱ्यावर येतो. या पाइनपासची जागा सोन्यासारखी आहे. वडिलांची कबर इथेच करा.”

“झाड?”

“झाड काढावं लागेल. मुळांसकट.”

“मग उद्या सकाळीच काढू,” युन म्हणाला. “ए म्हातारे, ऊठ तिथून.”

गन्नान उठली. ती माथ्याकडे चढून गेली.

वर गड्यांनी दगडी पेटीचं झाकण सरकवलं होतं. मोठी बरणी निघाली, तिच्यातून लहान बरणी निघाली. सत्तावन्न वर्षं जमिनीत राहूनही ती नुकतीच भट्टीतून काढल्यासारखी पांढरी होती. कारकून पेकने ती बाहीने पुसली, उन्हात धरली आणि दोन्ही बरण्या स्वतःच्या अंगरख्यात गुंडाळून गाडीत ठेवायला सांगितल्या. त्याआधी आतलं होतं ते त्याने गवतावर पालथं केलं. एक जुनं नाणं पडलं, ते गड्याने उचललं. मग काळपट, वाळलेलं, खारकेएवढं काहीतरी पडलं.

सगळे त्याच्याकडे पाहत राहिले. तीस-बत्तीस वर्षं ज्याच्या हुकमाने लाकडं ओढली, तो माणूस इथून सुरू झाला होता.

“याचं काय करायचं, साहेब?” एका गड्याने विचारलं.

“हुकमात ‘काढून टाका’ एवढंच लिहिलंय,” कारकून म्हणाला. “म्हातारे, इतकी वर्षं राखलंस, आता तूच उचल. टाक कुठेही.”

गन्नानने ते परकराच्या ओच्यात घेतलं. त्याला वजन नव्हतं. ती सावकाश खाली आली. वाटेत तिने कमरेचं खुरपं काढलं आणि पाइनच्या मुळाशी, युनच्या पायांपासून दोन हातांवर बसून ती खणायला लागली. फार खोल नाही. वीतभर.

“काय करतेस?” युनने विचारलं.

“साहेब म्हणाले, कुठेही टाक. टाकते.”

“कुठेही म्हणजे इथे? माझ्या वडिलांच्या जागेत?”

“अजून तर ती तुमची नाही, मालक. साहेब आत्ताच म्हणाले, उद्यापासून.”

तोवर तिने माती लोटून वर तळहात दाबला होता. हात काढला नाही.

युनचा चेहरा लाल झाला. त्याने गड्याला काढ म्हणून फर्मावलं. गडी पुढे झाला, पण जमीन पारखणाऱ्याने त्याला अडवलं. तो आता मघापेक्षा हळू बोलत होता. “मालक, गादीवरून उतरवलेल्या माणसाची नाळ आहे. मातीला लागली, आता काढून उपयोग नाही. वडिलांना हिच्याशेजारी ठेवलंत तर उद्या तुमच्या मुलाला दरबारात जागा मिळायची ती बेटावर मिळेल. मी तर म्हणतो, या झाडालाही हात लावू नका. बारा पावलं सोडा आणि माथ्यावरच करा. वारा लागेना का.”

“कारकून, तुम्ही काही बोलत का नाही?” युन म्हणाला. “हिला कचेरीत न्या.”

कारकुनाने गाडीकडे पाहिलं. कचेरीत नेलं तर काय काढलं, कशात होतं, ते कुठे गेलं, हे सगळं विचारलं जाणार होतं. “मालक,” तो म्हणाला, “अडाणी बाई आहे. विषय कशाला वाढवायचा?”

*

युनने विषय त्याच्या परीने वाढवला. त्याच आठवड्यात त्याने कसायला दिलेला तुकडा काढून घेतला. टेकडी गेली, तशी वेठबिगारीची माफीही गेली. मुखियाने धरणाच्या बांधावर माती वाहायला चिलबोकचं नाव पुकारलं, तेव्हा गन्नान जाऊन म्हणाली, तो मेलाय, मी आलेय. तिने चाळीस दिवस माती वाहिली. हिवाळ्यात ती गवताचे जोडे विणून विकायला लागली.

“भावानं चांगलंच नशीब काढलं तुझं,” बुन्ने म्हणाली आणि कुंपणावरून बार्लीची परडी पुढे केली.

“तो काय करील. त्याचंच धड नाही.”

“त्याच्यासाठी माझ्या नवऱ्याचा पाय गेला आणि तू त्याची नाळ पुरून जमीन घालवून बसलीस.” बुन्नेने टेकडीकडे पाहिलं. “झाड राहिलं ना पण?”

“राहिलं.”

“मग झालं. परडी परत दे.”

चार वर्षांनी मिठवाल्याने सांगितलं, की बेटावरचा म्हातारा उन्हाळ्यात वारला. सुतकाचा हुकूम निघाला नाही. गावात कुणी पांढरं नेसलं नाही. तोवर टेकडी ओळखू येईनाशी झाली होती. पाइन सरपणाला गेले होते, उतारावर ज्वारी लागली होती, माथ्यावर युनच्या वडिलांची गोल कबर वारा खात होती. मधोमध तेवढं एक वाकडं झाड उभं होतं आणि त्याच्या भोवती कुणी पाऊल टाकत नव्हतं.

आठव्या महिन्याच्या एकोणिसाव्या दिवशी गन्नानने शेवाळाचं सार केलं. एकसष्ट वर्षांची झाली होती, चढताना दोनदा बसली. पाइनखाली तिने एक मोठा वाडगा ठेवला आणि एक लहान. वाफ थांबेपर्यंत वाट पाहिली.

“गळवाच्या वेळी बोलले होते,” ती मोठ्या वाडग्याकडे पाहून म्हणाली, “ते मनावर घेऊ नका.”

 लहान वाडग्यातलं सार तिने मुळाशी ओतलं, मोठ्यातलं स्वतः प्यायली. मग खुरपं काढून बारा पावलांतलं गवत काढलं आणि उतरायला लागली. पायथ्याशी पोचल्यावर सवयीने मागे वळली. कुणी कुऱ्हाड घेऊन चढत नव्हतं.