एकीवर लावलेली मिशी

सकाळी चहाच्या टपरीवर शेजारच्या शिंप्यानं मिशीला पीळ दिला आणि म्हणाला, "तुमच्या पक्षाचे दोन्ही गट आज एका कागदावर सह्या करणार? अरे, बोकड दूध देईल एक वेळ!"

"करणार," मी म्हटलं. "नाही केल्या तर भर चौकात माझी मिशी उतरव. केल्या तर तुझी जाईल."

"लागली!"

सलूनवाला तर चहा अर्धा टाकून वस्तऱ्याला धार लावायला पळाला. त्याचं काय, कुणीही हरलं तरी गंमत त्याचीच.

माझा धंदा कुलूप-किल्लीचा. पक्षाच्या शाखेच्या दाराला दोन कुलपं होती. एक मास्तरांच्या जुन्या गटाचं, एक जिमवाल्याच्या पोरांचं. एकट्या गटाला आत शिरता येऊ नये म्हणून. दोन्ही मीच विकलेली. मास्तरांना सांगितलं, समोरच्याचं जास्त भारी आहे. जिमवाल्यालाही तेच सांगितलं. भांडणावर माझी चूल पेटते, लपवायचं कशाला?

पण शाखेच्या अध्यक्ष म्हणजे आमच्या वहिनी. दादा गेल्यापासून झाडू मारण्यापासून भाषणापर्यंत सगळं त्याच करायच्या. वरून निरोप आला होता, आज पाचच्या आत उमेदवाराचं एकच नाव दोन्ही गटप्रमुखांच्या सह्यांनिशी पाठवा, नाहीतर शाखा बंद.

दुपारी त्या दुकानात आल्या. चपलेचा अंगठा तुटलेला, चप्पल हातात. मास्तरांच्या घरून जिमवर, जिमवरून परत मास्तरांच्या घरी, सकाळपासून हेच.

"मास्तर म्हणतात, आधी त्यानं माफी मागावी. तो म्हणतो, आधी म्हाताऱ्यानं मागावी," वहिनी स्टुलावर मटकन बसल्या. "मी दोघांच्या पाया पडले, भाऊजी. अक्षरशः. आता तुमच्या वाकड्या डोक्यात काही असेल तर काढा."

माझ्या डोक्यात काही नाही असं कधी होतं का! मी मास्तरांना फोन लावला. "अहो, जिमवाला तुमचं कुलूप तोडतोय. धावा!" मग जिमवाल्याला. "म्हातारा शाखेवर ताबा घेतोय, तू इथे डंबेल काय उचलतोस?"

मग जाऊन दोन्ही कुलपं काढली, दार सताड उघडं ठेवलं आणि बोळात लपलो. दोघं दोन बाजूंनी धापा टाकत आले, एकदमच आत घुसले. मी बाहेरून कडी घातली आणि माझ्याकडचं तिसरं कुलूप लावलं.

"सही केलीत की उघडतो! कागद टेबलावर आहे!"

आतून मास्तरांनी माझ्या बापाचा उद्धार केला. जिमवाल्यानं आजोबांपर्यंत मजल मारली. खुर्ची आपटली, काच फुटली. वहिनी पायरीवर बसून पदर चावत होत्या. "म्हाताऱ्याला काही झालं तर? उघडा, भाऊजी."

"थांबा हो."

"चार वाजून गेले. उघडा!"

तेवढ्यात आत सगळं शांत झालं. मग कुजबुज. मग चक्क दोघांचं हसू! वहिनींनी माझं मनगट गच्च धरलं. "हसले हो! ऐकलंत? हसले!" त्यांचे डोळे भरून आले.

मी दार उघडलं. मास्तरांचा हात जिमवाल्याच्या खांद्यावर. कागद त्यांनी वहिनींच्या हातात दिला.

उमेदवाराचं नाव एकच. खाली दोन सह्या. आणि त्याच्याही खाली एक ओळ, तिलाही दोन सह्या. सहकाऱ्यांना दिरामार्फत कोंडून ठेवणाऱ्या अध्यक्षबाईंना आम्ही एकमतानं पदावरून दूर करत आहोत.

"मास्तर, हे माझं डोकं होतं!" मी ओरडलो. "त्यांना काही माहीत नव्हतं!"

"असू दे," मास्तर म्हणाले. "पहिल्यांदाच आमचं कशावर तरी जमलंय. ते मोडू नकोस."

मी कागद फाडायला हात घातला. वहिनींनी तो मागे ओढला.

"वहिनी, याचा फोटो पाठवलात तर तुम्ही संपलात."

"आणि नाही पाठवला तर शाखा संपते." त्यांनी कागद टेबलावर सरळ केला, मोबाईल धरला. फोटो तीनदा काढला. पाठवला. मग कपाटाच्या किल्ल्या कमरेच्या काढून टेबलावर ठेवल्या आणि अनवाणीच घरी गेल्या. दोघांपैकी एकानंही मान वर केली नाही.

चौकात सलूनवाल्यानं खुर्ची रस्त्यावर मांडली होती. ही गर्दी! शिंपी शब्दाचा पक्का, गळ्याला फडकं बांधून आधीच बसलेला.

"जिंकलास बाबा. एका कागदावर दोन्ही सह्या. घे, उतरव माझी मिशी!"

"ऊठ," मी म्हटलं.

"अरे, हरलोय मी!"

"ऊठ म्हणतो ना, लेका!"

त्याला दंडाला धरून उठवलं आणि मी बसलो. सलूनवाला दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिला.

"बघतोस काय? लाव साबण."

लोकांनी शिट्ट्या मारल्या. कुणीतरी ओरडलं, "कुलूपवाल्या, टाळकं फिरलं काय रे?" वस्तरा ओठावर आला तसं सवयीनं मलाही हसू फुटलं, आणि फेस तोंडात गेला.