डोरोथियाबाईंची पांढरी बाजू

मी हॅझलकोटच्या चर्चमधला मृत्युफलक बोलतोय. नाव ऐकून दचकू नका. बड्या घरातलं कुणी गेलं की त्याचं कुलचिन्ह लाकडी फळीवर रंगवायचं, काही महिने घराच्या दारावर टांगायचं आणि मग चर्चच्या भिंतीवर आणून लटकवायचं, अशी इथली रीत होती. तसा मी.

मला वाचणं सोपं आहे. अर्धी बाजू नवऱ्याची, अर्धी बायकोची. जो गेला त्याच्यामागे काळा रंग, जो मागे राहिला त्याच्यामागे पांढरा. दोघंही गेली असतील तर सगळंच काळं.

इथल्या वाड्याचे मालक सर जॉसलिन वारले तेव्हा रंगाऱ्यानं मला सगळाच काळा करून टाकला. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष? बायको लिस्बनला तापानं गेली, असं सर जॉसलिन गावभर सांगत आले होते. ती कंटाळून सोडून गेली हे कुठल्या तोंडानं सांगणार? मी अंगणात वाळत उभा होतो, तेवढ्यात गाडीतून डोरोथियाबाई उतरल्या, चांगल्या धडधाकट. मला नीट न्याहाळून रंगाऱ्याला म्हणाल्या, "मी मेले हे मला कुणी कळवलंच नाही की रे. आण तो पांढरा रंग." त्यानं ओल्या काळ्यावरच पांढरा फासला. काम पुरं होईपर्यंत बाई जागच्या हलल्या नाहीत. ती पांढरी बाजू मी जिवापाड जपली.

पुढे कितीतरी पिढ्यांनी माझ्याखाली बसून प्रवचनं ऐकली आणि डुलक्या काढल्या. एकटा डेन्झिल हॅवरगिल तेवढा माझ्याकडे बघायचा. गावातल्या शिंप्याचा मुलगा. माझ्यावरचे सिंह आणि पट्टे बघता बघता त्याला कुलचिन्हांच्या विद्येचं वेडच लागलं. तो विद्यापीठात गेला, इतिहासाचा प्राध्यापक झाला. कुलचिन्हं वाचावीत तर हॅवरगिलनीच, असं सारा देश म्हणायला लागला. मला काय अभिमान वाटायचा म्हणून सांगू!

मग एकदा तो विद्यार्थी घेऊन आला आणि माझ्याकडे काठी रोखून म्हणाला, "हा पांढरा रंग शंभरेक वर्षांनी कुणा अडाण्यानं फासलाय. मूळ फलक पूर्ण काळा. म्हणजे डोरोथिया नवऱ्याच्या आधीच वारली होती."

"कशावरून, सर?" एका मुलीनं विचारलं.

"डोळ्यांवरून. तुम्हालाही फुटतील कधीतरी."

सगळे हसले. हेच त्यानं पुस्तकात लिहिलं, आणि त्या पुस्तकानं तो आणखी मोठा झाला. बाईंना नवऱ्यानं एकदा मारलं होतं, यानं दुसऱ्यांदा मारलं. माझा संताप संताप झाला, पण भिंतीवरच्या फळीचं कोण ऐकतं?

गेल्या वर्षी छप्पर गळलं आणि मला खाली उतरवलं. चर्चचा सगळा कारभार बघणाऱ्या गार्साइडबाईंनी ठरवलं, आता याला मूळ रूपात आणायचं, प्रोफेसरांच्या पुस्तकात आहे तसं. जुनी चित्रं दुरुस्त करणारी ब्रॉनवेन आली. निवृत्त प्रोफेसरांना मानाची खुर्ची दिली. मला टेबलावर उताणं पाडलं आणि ब्रॉनवेननं औषधात बुडवलेला कापूस पांढऱ्या बाजूवर टेकवला.

कापूस करडा होऊन निघाला. खाली उघडं लाकूड दिसलं.

"औषध कडक झालं वाटतं," ब्रॉनवेन म्हणाली. "काळाही निघतोय."

"निघू दे, वरून नवा देऊ," गार्साइडबाई म्हणाल्या. "प्रोफेसर, चहा निवतोय तुमचा."

डेन्झिलनं तो बोळा उचलून डोळ्यांजवळ धरला आणि त्याचा चेहरा उतरला. पांढरा शंभर वर्षांनी लावला असता तर खालचा काळा दगडासारखा घट्ट असता, जागचा हलला नसता. हे दोन रंग ओले असतानाच एकमेकांत मिसळले होते. त्या खोलीत हे कळलेला तो एकटाच.

त्यानं बोळा खाली ठेवला आणि चहाचा कप उचलला.

ब्रॉनवेननं दुसरा बोळा फिरवला, मग तिसरा. उघडी जागा तळहाताएवढी झाली. डेन्झिल चहा पीत राहिला. अरे मेल्या, बोल की! मला तोंड असतं तर मी तिथंच हंबरडा फोडला असता.

मग त्यानं कप बशीत ठेवला.

"थांब," तो म्हणाला.

"काय झालं?"

"ती जिवंत होती. डोरोथिया. माझं पुस्तक चुकलंय."

गार्साइडबाई गोंधळल्या. "अहो, पण ते पुस्तक तर सगळीकडे शिकवतात."

"हो. सगळीकडे चुकीचं शिकवतात."

मग ब्रॉनवेन हळूच म्हणाली, "इथं पांढरा भरून देते. कळणारसुद्धा नाही."

"म्हणूनच भरू नकोस."

चूक त्यानं स्वतःच छापून जाहीर केली. लोक पाठीमागे हसले, बोलावणी बंद झाली. हिवाळ्यात तो गेला. लग्न केलं नव्हतं, मूलबाळ नव्हतं. कबरीवर दगडही नको म्हणाला होता.

मी पुन्हा भिंतीवर आहे. पण गार्साइडबाईंना ती उघडी जागा डोळ्यांत खुपते. बुजवायला उद्या ब्रॉनवेन येणार आहे.

गार्साइडबाई, माझं ऐका. माझ्यावरचे सिंह आणि पट्टे त्या घराण्याला जन्मानं मिळाले. ही तळहाताएवढी जागा मात्र एका माणसानं आपलं नाव घालवून राखलीय. तेवढी राहू द्या.