एक प्रश्न, मग सही

"पेन नीचे रखो," सफा मॅडम म्हणाल्या.

केरूने दचकून पेन खाली ठेवलं. वकीलपत्रावर त्याचा 'के' तेवढा उमटला होता.

"काय चुकलं का ताई?" त्याने मला विचारलं.

"चुकलं नाही रे. आधी मी हा कागद मराठीत वाचून दाखवणार. मग तू एक प्रश्न विचारायचा. मग सही."

"वकीलबाईंच्या कागदावर शंका घ्यायची? बरं दिसतंय का ते?"

आखातातल्या अल मजाज भागातल्या या ऑफिसात मी सतरा वर्षं टायपिंग आणि भाषांतराचं काम करते आहे. मॅडमचा हा नियम कुणासाठी वाकलेला मी पाहिला नाही. एका बड्या बिल्डरने वैतागून घड्याळ दाखवलं, तर मॅडमनी त्याला दरवाजा दाखवला होता.

मॅडम इथल्याच, जवळच्या उम्म अल कुवैनच्या. त्यांच्या पणजोबांना आफ्रिकेतून आणलं होतं, आणि तेही त्यांना न विचारता. आजोबा मोत्यांसाठी समुद्रात बुड्या मारायचे. आई इस्पितळाच्या लाँड्रीत चादरी धुवायची. साहेबाने पुढे केलेल्या एका कागदावर तिने मुकाट्याने अंगठा उठवला आणि दुसऱ्या दिवशी तिची नोकरी गेली. कागद राजीनाम्याचा होता. मॅडम तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या.

पुढे वकिलीचा काळा झगा घालून त्या इथल्या कोर्टात पहिल्यांदा गेल्या. तोवर त्यांच्या रंगाची बाई तिथे झाडूपोछाच करताना दिसायची. दारावरचा शिपाई म्हणाला, सफाईवाल्यांचं दार मागे आहे. मॅडमनी विचारलं, "हे कुठे लिहिलंय?" आणि पुढच्याच दाराने आत गेल्या. याला तीस वर्षं झाली. ही गोष्ट सांगताना मॅडम हसतात. मला मात्र दरवेळी त्या शिपायाचा राग येतो.

तर केरू. हा पाटणकडच्या डोंगरातला, साइटवर स्कॅफोल्डिंग, म्हणजे परांच्या, बांधणारा. त्याच्याच वाडीतला समाधान सातव्या मजल्यावरून पडून गेला. दोघं एकाच खोलीत राहायचे. पोलिसांसमोर कंपनीने केरूच्या सहीचा अरबी कागद ठेवला : 'फळी मी काढली आणि कुणाला सांगितलं नाही.' फोरमनने कागद पुढे केला, याने सही ठोकली. साहेबाला वाचून दाखवायला सांगणं म्हणजे साहेबावर अविश्वास, एवढंच त्याला ठाऊक. वेडा कुठला!

"जेलात टाकलं तरी चालंल ताई," तो म्हणाला. "पण समाधानच्या आईला काय तोंड दावू? तिनंच माझ्याबरोबर धाडला हुता त्याला."

मी वकीलपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मॅडम डोळे मिटून ऐकत होत्या. मराठी त्यांना कळत नाही, पण मी एखादी ओळ गाळली तर बरोबर कळतं.

"अब सवाल," त्या म्हणाल्या.

केरूने खिशातला मोबाइल चाचपला. मग म्हणाला, "मोबाइलवर बोललेलं कोर्टात चालतं का ओ?"

"काय बोललास मोबाइलवर?"

"त्या सकाळीच फोरमनला वॉइस मेसेज केला हुता. सातव्यावर क्लिप ढिली हाय, कुणाला चढवू नका म्हणून."

मी ते हिंदीत सांगितलं आणि मॅडम खुर्चीतून उठल्याच. "पहले क्यों नहीं बताया?"

"किसीने पूछा नहीं मॅडम," केरू म्हणाला.

हल्ली सुनावणी स्क्रीनवर होते. तारखेला केरू आमच्याच ऑफिसात मॅडमशेजारी बसला. जजसाहेबांनी दुभाष्यामार्फत विचारलं, कागदावरची सही तुझीच का?

केरूने मॅडमकडे पाहिलं. मॅडम टेबलाकडे पाहत राहिल्या.

"सही मेरा है साहब," केरू म्हणाला. "मगर किसीने पढ़के नहीं सुनाया. अभी सुनाओगे क्या?"

कागद वाचला गेला. 'फळी मी काढली' या ओळीला केरू ताडकन उभा राहिला. "झूठ है साहब!" मग मॅडमनी त्याचा आवाज कोर्टाला ऐकवला, वेळ आणि तारखेसकट.

सहा आठवड्यांनी निकाल लागला. केरू सुटला. त्याचा पासपोर्ट परत आला, तो घ्यायला केरू बॅग घेऊनच आला. खाली टॅक्सी उभी होती. मी पासपोर्ट आणि निकालाची प्रत पुढे केली आणि म्हटलं, "यल्ला, चल, पोच म्हणून इथे सही कर, फ्लाइट चुकेल."

केरूने पेन उचललं. परत खाली ठेवलं. खुर्ची ओढून बसला.

"ताई, निकाल आधी वाचा."

"अरे, टॅक्सी!"

"थांबू द्या. समाधानच्या म्हातारीला सांगायचाय."

मॅडम आपल्या केबिनच्या दारात येऊन उभ्या होत्या. मी वाचत गेले. संपल्यावर केरू हळूच म्हणाला, "आता माझा प्रश्न. समाधानची चूक नव्हती, असं लिहिलंय का कुठं? त्यो बेल्ट लावल्याबिगर कधी चढला न्हाई ओ."

मी घाईने पानं उलटू लागले. त्याचं म्हणणं मी मॅडमना हिंदीत सांगितलं.

"दूसरा पन्ना, नीचे से चौथी लाइन," मॅडम तिथूनच म्हणाल्या. "वो मैंने माँगके लिखवाया है."

ती ओळ मी वाचली : 'मृताने बेल्ट लावलेला होता. त्याचा काहीही दोष नाही.' केरू म्हणाला, "अजून एकदा." मी अजून एकदा वाचली. तो ओठांतल्या ओठांत म्हणत राहिला, आणि पाठ झाल्यावर त्याने पेन उचलून सावकाश सही केली.